उपग्रहाची आणेवारी

खरीप सरत आला की मराठवाड्यात जो तो एकच प्रश्न विचारतो : यंदा सोयाबीनला उतारा काय? बियाण्याच्या एका बॅगेला, म्हणजे साधारण एकराला, किती कट्टे झाले यावर दुकानदाराची उधारी फिटण्यापासून मुलीच्या वसतिगृहाची फी भरण्यापर्यंत बरेच काही अवलंबून असते. अलीकडच्या वर्षांत लातूर जिल्ह्यात साडेचार लाख हेक्टरांच्या आसपास आणि नांदेड जिल्ह्यात सुमारे चार लाख हेक्टरांवर हे पीक उभे असते. एके काळी या भागात करडई, सूर्यफूल, भुईमूग, जवस, तीळ अशा अनेक तेलबिया घेतल्या जात. त्या बव्हंशी मागे पडल्या. तेव्हा या दोन जिल्ह्यांपुरते तरी तेलबियांचा उतारा म्हणजे सोयाबीनचा उतारा, असे म्हणायला हरकत नाही.

हा उतारा आता अवकाशातूनही काढला जातो. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात भरपाई ठरवण्यासाठी महसूल मंडळाचा सरासरी उतारा लागतो आणि तो पीक कापणी प्रयोगांवरून काढला जात असे. केंद्र सरकारने २०२३ च्या खरिपापासून ‘येस-टेक’ या नावाने तंत्रज्ञानाधारित अंदाजाची पद्धत आणली. आरंभी ती भात व गव्हापुरती होती. २०२४ च्या खरिपापासून तिच्यात सोयाबीनचाही समावेश झाला. अंतिम उताऱ्यात या अंदाजाला किमान ३० टक्के भार द्यावा, असे ठरले. मध्य प्रदेशाने तर सगळाच भार तंत्रज्ञानावर टाकला.

या पद्धतीविषयी जे बोलले जाते त्यात दोन टोके दिसतात. एक म्हणते, उपग्रहाला ना शेतकऱ्याची भीड ना विमा कंपनीची. तो खोटे बोलणार नाही. दुसरे म्हणते, इतक्या उंचावरून शेंगेतले काय कळणार! आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. उपग्रहाचा अंदाज हा कापणी प्रयोगाशेजारी उभा राहणारा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार आहे असे गृहीत धरले जाते. तो तसा नाही. त्याची तर्कपद्धती तपासली तर तो जुन्या आणेवारीचा वारस ठरतो. कसा, ते पाहण्यासाठी उपग्रह नेमके काय मोजतो येथून सुरुवात करावी लागेल.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, कारण अन्न तयार करण्यासाठी हरितद्रव्याला तो लागतो. तांबड्याच्या पलीकडचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मात्र पान मोठ्या प्रमाणात परतवून लावते. पानाच्या आतील पेशींची रचनाच तशी असते. उपग्रहावरील संवेदक ही दोन्ही परावर्तने नोंदवतो. दोहोंची वजाबाकी भागिले दोहोंची बेरीज, हा झाला वनस्पती निर्देशांक. समजा दाट सोयाबीनवरून ५ टक्के तांबडा व ४५ टक्के अवरक्त प्रकाश परतला, तर निर्देशांक ४० भागिले ५०, म्हणजे ०.८ येतो. उघड्या काळ्या जमिनीवरून १० व १३ टक्के परतले, तर तो ३ भागिले २३, म्हणजे ०.१३ येतो. नववीच्या वर्गात हे गणित फळ्यावर सहज करून दाखवता येईल.

आपल्या देशात या तंत्राचा शेतीशी संबंध जुना आहे, आणि गंमत म्हणजे तो तेल देणाऱ्या पिकांपासूनच सुरू होतो. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळमध्ये हवेतून अवरक्त छायाचित्रे घेऊन नारळाच्या मुळांचा रोग ओळखण्याचा प्रयोग झाला. पुढे १९७४-७५ मधील पीक सर्वेक्षणाच्या प्रयोगासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत भुईमुगाचा अनंतपूर होता. १७ मार्च १९८८ रोजी ‘आय.आर.एस.-१ए’ हा नियमित सेवेसाठीचा पहिला भारतीय दूरसंवेदन उपग्रह उडाला, त्याच दशकाच्या अखेरीस पिकांचे क्षेत्र व उत्पादन यांचे उपग्रहाधारित अंदाज नियमितपणे काढण्याचे काम सुरू झाले, आणि २०१२ मध्ये दिल्लीत त्यासाठी महालनोबीस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र स्थापन झाले.

या काळात दृष्टी किती बारीक झाली हे गुंठ्याच्या भाषेत सांगितले तर चटकन समजते. चित्रातील सर्वात लहान चौकोनाला चित्रबिंदू म्हणतात. १९८८ च्या उपग्रहावरील एका कॅमेऱ्याचा चित्रबिंदू ७२.५ मीटरचा होता, म्हणजे सुमारे ५२ गुंठे. एवढ्यात बांधासह दोन शेते आणि एखादी विहीर सहज मावे. १९९५ च्या ‘आय.आर.एस.-१सी’चा २३.५ मीटरचा बिंदू साडेपाच गुंठ्यांवर आला. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०१५ पासून सोडलेल्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांच्या जोडीचा बिंदू १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा आहे, आणि ही जोडी दर ५ दिवसांनी त्याच शिवारावर येते. तिची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. ही प्रगती थोडी नव्हे.

मात्र बिंदू लहान झाला म्हणून मोजली जाणारी वस्तू बदलत नाही. उत्पादन म्हणजे क्षेत्र गुणिले उतारा. यातले क्षेत्र उपग्रहाला चांगले साधते. कोणत्या शेतात सोयाबीन आहे आणि कोणत्यात ऊस, हे ओळखणे म्हणजे हिरवेपणाचे वेळापत्रक ओळखणे होय. (सोयाबीनमध्ये तुरीचे पट्टे असले की तेथेही गोंधळ होतो, सोयाबीन निघून गेल्यावरही शेत हिरवेच दिसते.) उतारा हे अगदी वेगळे प्रकरण आहे. निर्देशांक हिरवेपणाचा आहे, दाण्याचा नाही. वर्षभराच्या हजेरीवरून वार्षिक परीक्षेचे गुण सांगण्यासारखे हे काम आहे. संबंध आहे, यात शंका नाही; पण हजेरीपट गुणांचा दाखला होऊ शकत नाही, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

हिरवेपणापासून दाण्यापर्यंतचा पूल बांधण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांतील एक फार देखणी आहे. इंग्लंडमधील जॉन मॉन्टीथ यांनी १९७० च्या दशकात असे दाखवले की पीक जेवढा सूर्यप्रकाश अडवते, जवळजवळ त्याच प्रमाणात त्याचे एकूण कोरडे वजन वाढते. पीक किती प्रकाश अडवते ते निर्देशांकावरून काढता येते. मग त्याला प्रकाशाच्या वापराच्या कार्यक्षमतेने गुणायचे, पाणी व तापमानाच्या ताणासाठी वजावट करायची आणि पिकाचे एकूण वजन मिळवायचे. येथवर सगळे भौतिकशास्त्र आहे. शेवटची पायरी मात्र अशी : एकूण वजनाला ‘कापणी गुणांका’ने, म्हणजे वजनातील दाण्याच्या वाट्याने, गुणायचे. हा वाटा उपग्रहाला दिसत नाही. तो प्रयोगक्षेत्रावरील नोंदींतून वा पूर्वीच्या कापणी प्रयोगांतून घ्यावा लागतो. आणि सोयाबीनचे सारे नशीब नेमके याच वाट्यात असते!

हे जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण येथे तेलबिया तृणधान्यांपासून वेगळ्या पडतात. वनस्पती एक ग्रॅम ग्लुकोजपासून सुमारे ०.८३ ग्रॅम पिष्टमय पदार्थ तयार करू शकते, पण तेल केवळ ०.३३ ग्रॅमच्या आसपास. प्रथिनांचाही भाव महागच. सोयाबीनच्या दाण्यात साधारण २० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिने असतात. तेव्हा तेवढ्याच हिरवेपणातून ज्वारीचा दाणा जितका भरेल, तितका सोयाबीनचा भरत नाही. शिवाय प्रथिनांसाठी लागणारे नत्र मुळांवरच्या गाठींतून पुरेसे येईनासे झाले की झाड ते स्वतःच्या पानांतून काढून शेंगांना देते. सिंक्लेअर आणि डी विट या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये या हिशेबाकडे लक्ष वेधले. दाणा भरताना सोयाबीन जणू स्वतःला संपवत जाते, आणि पाने पिवळी पडून गळतात.

आता उपग्रहाच्या जागी बसून पाहा. सप्टेंबरात निर्देशांक घसरू लागला. का घसरला? शेंगा उत्तम भरत आहेत म्हणून, पावसाने ओढ दिली म्हणून, की पिवळा मोझॅक शिरला म्हणून? तिन्ही वेळा शेत पिवळेच दिसते. घसरणीची वेळ व वेग यांवरून काही सांगता येते हे खरे, पण त्यासाठी निरभ्र चित्रे हवीत, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात लातूर-नांदेडवर ढग असतात. दर ५ दिवसांनी येणारा उपग्रह अनेकदा ढगांचेच चित्र घेऊन जातो. रडार उपग्रहांना ढगांची अडचण नाही. मात्र त्यांच्या लहरींना झाडाची ठेवण व ओलावा कळतो, दाण्याचे वजन नव्हे. हिवाळ्यात निरभ्र आकाशाखाली सलग पिवळीधमक फुलणारी राजस्थान-हरियाणातील मोहरी आणि पावसाळ्यातले सोयाबीन यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

उलट प्रकारही आहे. फुलोऱ्यात सतत झड लागली तर फुले गळतात, झाड मात्र माजते. कमरेएवढे हिरवेगार शेत, आणि शेंगा मोजून चार! खोडमाशीची अळी खोड आतून पोखरत असते तेव्हाही पाने बराच काळ ठीक दिसतात. आणि सर्वात क्लेशदायक नुकसान तर हिरवेपणा संपल्यावर होते. २०२१ च्या सप्टेंबरअखेर ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले, मांजरा-तेरणेला पूर आले, आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. वाळलेल्या शेंगेत दाण्याला मोड आले, बुरशी धरली. वाळलेली भरीव शेंग आणि वाळलेली मोडाची शेंग यांत निर्देशांकाच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. कापून लावलेल्या बनमीचे तर विचारूच नये.

येथे आणेवारीची आठवण होते. १९४० च्या दशकापूर्वी उतारा काढण्याची सरकारी रीत अशी होती : त्या भागाचा ‘सर्वसाधारण’ उतारा आधीच ठरलेला असे, महसूल कर्मचारी शिवार पाहून यंदाचे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे ते सांगे, दोहोंवरून उतारा निघे. दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली, आणि ती पन्नास पैशांच्या आत की बाहेर हा वाद मराठवाड्याला पाठ आहे. आता निर्देशांकावरून उतारा सांगण्याची सोपी रीत पाहा. मागील वर्षांचा सरासरी निर्देशांक घ्यायचा, यंदाचा त्याच्या किती टक्के ते पाहायचे, आणि सरासरी उताऱ्याला त्या प्रमाणात कमी-जास्त करायचे. डोळा बदलला, सांगाडा तोच राहिला. नवा डोळा थकत नाही आणि पक्षपात करत नाही. पण तोही पाहतोच, तोलत नाही.

नजरेऐवजी तराजू आणण्याचे काम ज्यांनी केले त्यांत दोन मराठी माणसे अग्रभागी होती : सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे. यादृच्छिक पद्धतीने गाव निवडायचे, शेत निवडायचे, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून कापायचा, मळायचा आणि वजन करायचे. तुकडा केवढा असावा यावर सुखात्मे व महालनोबीस यांच्यात मोठा वाद झाला. महालनोबीस दोन-चार फूट त्रिज्येची लहान वर्तुळे कापत. खर्च कमी, नमुने जास्त. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवले की अतिलहान तुकड्यांवरून उतारा फुगून येतो, कारण कडेवरचे झाड आत ओढण्याचा कापणाऱ्याचा कल असतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फुटामागे एक फूट कड येते. ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद तुकड्यात ती केवळ ०.१८ फूट येते. हा मोठा तुकडा एकराचा ऐंशीवा भाग, म्हणजे बरोबर अर्धा गुंठा भरतो. मोजणाऱ्याच्या चुकीला दिशा असते आणि ती शोधून काढता येते, हा या वादाचा धडा होता. आजच्या उपग्रह-केंद्राला महालनोबीसांचे नाव आहे. सुखात्म्यांचा संशयही तेथे हजर असावा, असे आम्हाला वाटते.

कारण उपग्रहाच्या अंदाजाच्या चुकीलाही दिशा आहे. संगणकीय प्रारूपे पूर्वीच्या वर्षांचे निर्देशांक आणि त्या वर्षांचे कापणी प्रयोग यांच्या जोड्या पाहून शिकतात. म्हणजे कापणी प्रयोग हा त्यांचा गुरू. गुरूच्या चुका शिष्यात उतरतातच. शिवाय ज्या दोन गोष्टींचा संबंध सैल असतो, त्यातील एकीवरून दुसरी सांगू लागले की उत्तर सरासरीकडे सरकते. चांगल्या वर्षी अंदाज खरा उतारा गाठत नाही, आणि वाईट वर्षी तो खऱ्यापेक्षा चांगला येतो. अन्नधान्याच्या राष्ट्रीय ताळेबंदात हे खपून जाते. विमा मात्र वाईट वर्षासाठीच असतो.

एक काल्पनिक मंडळ घेऊ. मागील ७ वर्षांतील उत्तम ५ वर्षांची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल, जोखीमस्तर ७० टक्के. तर उंबरठा उतारा साडेदहा क्विंटल झाला. यंदा कापणी प्रयोगांची सरासरी ९ आली. तूट दीड क्विंटल, म्हणजे १४.३ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार असेल तर भरपाई सुमारे ७,१४३ रुपये. आता उपग्रहाचा अंदाज १३ आला असे समजा आणि त्याला ३० टक्के भार द्या. मिश्र उतारा १०.२ होतो, तूट २.९ टक्क्यांवर येते, आणि भरपाई १,४२९ रुपये. कोणीही खोटे बोललेले नाही.

तराजूची बाजूही निर्दोष नाही, हे सांगितलेच पाहिजे. मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग करायचे असतात. शेताशेतातील फरक ४ क्विंटलचा धरला तर दहांच्या सरासरीतच सव्वा क्विंटलचा डळमळीतपणा राहतो. प्रयोगाच्या जागी एका बाजूला गाव उभे असते, दुसऱ्या बाजूला कंपनीचा प्रतिनिधी, आणि मधल्या कृषी कर्मचाऱ्यावर दोन्हीकडून दाब असतो. काही ठिकाणी शेतात न जाताच तक्ते भरले जातात, असा संशय अनेकांना येतो. नि:पक्षपाती मदतनीस हवा ही सरकारची गरज खरी आहे. प्रश्न मदतनीसाला कोणते काम द्यायचे, हा आहे.

आमच्या मते त्याला निवाड्यात भार देण्याऐवजी नमुना निवडण्याच्या कामाला लावावे. ऑगस्टअखेरच्या चित्रांवरून मंडळाचे दाट, मध्यम व विरळ असे भाग पाडून प्रत्येकात प्रमाणशीर प्रयोग ठेवले, तर तेच दहा प्रयोग अधिक भरवशाचे होतात. प्रयोगाचा आकडा आणि आसपासचा निर्देशांक यांत भलती तफावत आली, तर तेथे दुसरा प्रयोग करावा. हे काम उपग्रह उत्तम करतो, आणि पीक अंदाज केंद्राने या दिशेने प्रयत्न केलेलेही आहेत. भार द्यायचाच असेल तर प्रत्येक मंडळाचे दोन्ही आकडे, कापणीचा आणि उपग्रहाचा, ग्रामपंचायतीच्या फलकावर वेगवेगळे लावावेत. तसेच प्रारूपाची परीक्षा त्याने न पाहिलेल्या वाईट वर्षांवर घ्यावी : २०२१ चा ओला सप्टेंबर, किंवा देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरलेला २०२३ चा ऑगस्ट. ज्या वर्षांवर प्रारूप शिकले त्याच वर्षांवर त्याला तपासणे म्हणजे वर्गात सोडवून दिलेली गणितेच परीक्षेत घालणे होय.

लातूर-नांदेडकडील शाळांना यातला बराच भाग स्वतः करून पाहता येईल. शाळेजवळची पाच-सहा सोयाबीनची शेते मालकांच्या संमतीने घ्यावीत. शेतातील जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. चांगली दिसते म्हणून निवडू नये. १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन दोरीने आखून कापावा, मळावा, दाणे वजन स्थिर होईपर्यंत उन्हात वाळवावेत आणि तोलावेत. जितके किलो येतील त्याची दुप्पट म्हणजे हेक्टरी क्विंटल. त्याच गुंठ्याचा सेंटिनेलवरील निर्देशांक संगणकावर काढून दोहोंचा आलेख मांडावा, आणि शक्य तर हे तीन-चार वर्षे चालू ठेवावे. दोरी ताणल्यावर तिच्यावर आलेले झाड आत धरायचे की बाहेर, हे मात्र कापणीपूर्वीच ठरवून वहीत लिहून ठेवावे.